मुळे एका समाजाची, सावली सर्वांची

विल्यम कॅरे हे नाव मराठी वाचकांना ठाऊक आहे ते १८०५ सालच्या मराठी व्याकरणामुळे आणि १८१० सालच्या कोशामुळे. याच कॅरेने मार्शमन व वॉर्ड या आपल्या बाप्टिस्ट सहकाऱ्यांसह १८१८ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे महाविद्यालय काढले, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. प्रेरणा धर्मप्रचाराची, परंतु प्रवेश सर्व जातिधर्मांच्या मुलांना आणि अभ्यास संस्कृतापासून पाश्चात्त्य विज्ञानापर्यंतचा. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्यास पदव्या देण्याची सनदही दिली. पुढे १८८३ मध्ये ते धर्मशिक्षणापुरते आकुंचित झाले आणि इतर विद्यांचे उच्च वर्ग पुन्हा सुरू होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. एका पंथाने वा समाजाने उभारलेल्या प्रत्येक महाविद्यालयापुढे हाच प्रश्न असतो : संस्थापकांचा वारसा जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे?

हा प्रश्न दूरच्या बंगालपुरता नाही. उल्हासनगरच्या श्रीमती चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी महाविद्यालयाचा इतिहासही तोच प्रश्न विचारतो. त्याची मुळे एका विस्थापित समाजात आहेत. ॲनी बेझंट यांच्या प्रेरणेने १९२२ साली सिंधमधील हैदराबाद येथे नॅशनल कॉलेज सुरू झाले. फाळणीने ते उखडले. घरदार गमावलेल्या समाजाने आधी पोटापाण्याचे पाहिले असते, तर त्याला कोणी दोष दिला नसता. तथापि प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांच्या पुढाकाराने हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड स्थापन झाले आणि १९४९ मध्ये ते कॉलेज वांद्र्यात पुन्हा उभे राहिले. त्याच वर्षी ८ ऑगस्टला, कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. बोर्डाने १९६५ साली या नगरात महाविद्यालय काढले, तेव्हा स्वतःच्या लेकरांसाठी लावलेले हे झाड होते.

पण महाविद्यालय रेल्वे स्थानकाजवळ आणि स्थानक कर्जत मार्गावर. पुढचे स्थानक अंबरनाथचे, त्यापुढचे बदलापूरचे. अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यातील कामगार, बदलापूर परिसरातील शेतकरी आणि मुंबईला नोकरीस जाणारे कारकून यांच्या मुलांनाही हे दार जवळचे होते. सिंधी समाजाच्या दानाचा लाभ अशा रीतीने मराठी घरांनाही मिळाला.

येथे अर्थशास्त्रातील एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खाजगी महाविद्यालयाच्या उभारणीस दानशूरांचे भांडवल लागते; परंतु अनुदानित महाविद्यालयातील अध्यापकांचे वेतन सरकारी तिजोरीतून, म्हणजे सर्वांच्या करांतून येते. नाव एका समाजाचे असले, तरी संस्था खऱ्या अर्थाने सार्वजनिक होते ती यामुळे. विनाअनुदानित अभ्यासक्रमांनी मात्र हा हिशेब पालटला. आता प्रत्येक वर्गाने आपला खर्च शुल्कातूनच भागवावा, अशी अपेक्षा बळावत आहे. या कसोटीवर व्यवस्थापन आणि संगणक तगून राहतात. इतिहास, तत्त्वज्ञान आणि भाषा यांना प्रत्येक वर्षी स्वतःचे समर्थन करावे लागते. हे संकट कोण्या एका महाविद्यालयाचे नव्हे, राज्यभरच्या कला शाखांचे आहे.

श्रीरामपूरचा अनुभव येथे बोलका आहे. संस्था केवळ पंथासाठी उरली तेव्हा ती आकसली. केवळ बाजारासाठी उरली, तर तिची दुसरी गत होईल असे मानण्यास आधार नाही. गिरणी बंद पडलेल्या वा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबातील मुलीस साहित्य वा अर्थशास्त्र शिकण्याची संधी शुल्काच्या तराजूत तोलता येत नाही. तिचा मोबदला समाजाला विलंबाने आणि भलत्याच ठिकाणी मिळतो; म्हणूनच तिचा भार समाजाने आणि सरकारने उचलावयाचा असतो. सर्वस्व गमावलेल्या माणसांनी १९४९ साली महाविद्यालय उभारण्याची जी ऐपत दाखवली, ती आजच्या संपन्न महाराष्ट्रापाशी नाही, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?