कूपनावरचा मजकूर

राजापूर तालुक्यातील आमच्या घराच्या माजघरात, भिंतीच्या खुंटीला, दोन लोखंडी तारा टांगलेल्या असत. पहिल्या तारेत घरपट्टीच्या पावत्या, शेतसाऱ्याचे दाखले, वाण्याची बिले असे घराचे सारे दप्तर ओवलेले असे, आणि तिला कोणीही हात लावी. दुसरी तार मात्र आजीची होती. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरींची कूपने तेवढी तिच्यात जात, आणि लिहितावाचता न येणारी माझी आजी त्यांतील कोणते कूपन कोणत्या सणाचे नि कोणत्या दुखण्याचे हे नुसत्या स्पर्शाने सांगत असे. गेल्या वर्षी घराची कौले उतरवली तेव्हा ती तार अडगळीतून पुन्हा हाती आली, आणि तिच्यावरची पिवळी पडलेली चिठोरी एकेक करून वाचताना माझ्या ध्यानात आले की, कोकणातील एका घराचा तीन पिढ्यांचा जमाखर्च मी वाचत आहे. एवढेच नव्हे, तर त्या घरातील माणसे एकमेकांशी किती बोलत होती याची ती एकमेव लेखी साक्ष आहे.

मनिऑर्डरीचे काम सरकारी खजिन्यांकडून टपाल खात्याकडे आले ते 1880 साली, आणि ते ज्या काळात आले तो काळ कोकणाच्या दृष्टीने निर्णायक होता. मुंबईत गिरण्यांची धुराडी उभी राहत होती. इकडे कातळावरची पातळ माती, खोताचा वाटा आणि वाढते कुटुंब यांचे गणित जुळत नव्हते. तरणाताठा पुरुष मुंबईला जायचा, गावकरी मंडळाच्या खोलीत वळकटी टाकायचा, खानावळीत जेवायचा आणि पगार झाला की पोस्टाच्या खिडकीसमोर रांगेत उभा राहायचा. रत्नागिरीला ‘मनिऑर्डरीवर जगणारा जिल्हा’ म्हणत ते उगीच नव्हे. 2001च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1136 स्त्रिया होत्या, 2011 साली 1122. या आकड्यांकडे लोक कौतुकाने बोट दाखवतात. परंतु ज्या घरांतले पुरुष मुंबईत मोजले गेले त्या घरांचा हा आकडा आहे, आणि त्यात कौतुकापेक्षा विरह अधिक आहे.

मनिऑर्डरीची खरी थोरवी तिच्या रिवाजात होती. रक्कम जिच्या नावे आली तिच्याच हाती पोस्टमनने मोजून द्यायची, तिची सही घ्यायची, सही येत नसेल तर अंगठा घ्यायचा आणि अंगठ्याला साक्षीदार लावायचा, असा दंडक होता. त्यामुळे सातबाऱ्यावर नाव नाही, ग्रामपंचायतीत आवाज नाही, अशा बाईच्या नावाचा पुकारा महिन्यातून एकदा भर ओटीवर होत असे. तिने पदराला हात पुसून अंगठा उमटवायचा, शेजारच्या मास्तरांनी साक्ष घालायची, पोस्टमनने नोटा तिच्या तळहातावर ठेवायच्या आणि मग, न सांगता, खालचे कूपन फाडून वाचून दाखवायचे. आमच्या तारेवरच्या एका कूपनावर, आजोबांच्या ताठ मोडी वळणाच्या बाळबोध अक्षरात, असा मजकूर आहे: “रु. 40 पाठविले. पैकी 10 कौलांचे, त्यास हात न लावणे. पोरास खोकला राहिला काय ते कळविणे. शिमग्यास रजा नाही. गणपतीस येतो.” ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. दिवसभर यंत्रांच्या गदारोळात उभा राहणारा माणूस बोटभर जागेत एवढे सगळे मांडू शकत होता, कारण जागा तेवढीच होती आणि महिनाभर मनात ते घोळलेले होते.

या रिवाजाला दुसरी बाजू होती, तीही सांगितलीच पाहिजे. नवऱ्याची मनिऑर्डर बहुधा सासूच्या नावे येई, आणि सुनेच्या वाट्याला मजकुराच्या शेवटची ‘सर्वांस आशीर्वाद’ एवढी ओळ येई. त्या ‘सर्वांस’मध्ये आपण आहोत हे तिने समजून घ्यायचे. शिवाय पैसे आले हे जसे साऱ्या वाडीला कळे, तसे ते आले नाहीत हेही कळे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आजोबांच्या जागेवर काका लागलेले होते. आमच्या तारेवर त्यानंतर दीड वर्ष एकही कूपन नाही. काकी तेव्हा नवी सून होती. टपालाची पिशवी पाणंदीच्या वळणावर दिसली की ती मागच्या दारी निघून जाई, हे तिने मला इतक्या वर्षांनी, कूपने वाचताना, सांगितले.

त्याआधीच्या कूपनांवर, साधारण 1972नंतर, परळच्या पत्त्याखाली 400012 हे आकडे दिसू लागतात. पिनकोडाची ही पद्धत ज्यांनी घातली ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते; मोजक्या जागेत नेमके मांडणे हे कवीचेच काम.

पुढची उतरण फार वेगाने झाली. आधी मनिऑर्डर संगणकावर गेली. तिथे हाताने लिहिण्याऐवजी ठरावीक मजकुरांच्या यादीतून एक निवडायचा अशी सोय झाली. ज्या कूपनावर पोराचा खोकला आणि कौलांचे दहा रुपये शेजारी शेजारी नांदत होते, तिथे आता शुभेच्छांचा एखादा छापील नमुना आला. मग 2015च्या सुमारास जुनी कागदी मनिऑर्डर बंद झाली. दरम्यान जनधनची खाती निघाली होती, 2016 साली यूपीआय आले, आणि काकांचा मुलगा नव्या मुंबईतून क्षणात पैसे धाडू लागला. याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. शेवटच्या काळात दर वीस रुपयांमागे एक रुपया मनिऑर्डरीचे हशील पडे, ते गेले; पावसात पूल बुडाला म्हणून आठ दिवस ताटकळणे गेले; काकीला मध्यरात्री रत्नागिरीच्या इस्पितळात न्यावे लागले तेव्हा पैसा तिच्या आधी तिथे पोहोचला होता. जुने ते सोने म्हणणारा माणूस त्या रात्री तिथे हवा होता.

परंतु पैसा पोहोचतो तो काकीच्या हाती नव्हे. तिच्या खात्याला पुतण्याचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे. रक्कम आल्याचा संदेश त्याला जातो आणि तो आठवण झाली की तिला सांगतो. ज्या पडद्यावरून पैसे जातात तिथे दोन शब्द लिहायला आजही जागा आहे. मी तिच्या मुलाला एकदा विचारले, तू तिथे काय लिहितोस? तो म्हणाला, “काही नाही. लिहिलं तरी आईपर्यंत कुठं जातंय?” त्याच्या बोलण्यात बेपर्वाई नव्हती. तो रविवारी फोन करतो, आणि काकीला ऐकू कमी येते.

गेल्या भाद्रपदात मी ओटीवर बसलो असताना पोस्टमन आला. 2018 साली सुरू झालेल्या टपाल खात्याच्या बँकेचे यंत्र त्याच्या पिशवीत होते. काकीने पदराला हात पुसला आणि अंगठा यंत्राच्या काचेवर टेकला. शेतात झिजलेला तो अंगठा यंत्राला तिसऱ्या खेपेस ओळखू आला. साक्षीदार आता लागत नाही. पोस्टमनने दोन हजार रुपये मोजून तिच्या तळहातावर ठेवले.

“मुलाचे आलेत, आजी.”

काकीने नोटा मुठीत धरल्या आणि तशीच उभी राहिली. “आनि लिवलान काय?”

पोस्टमनने माझ्याकडे पाहिले. मग यंत्रातून निघालेला पावतीचा कपटा त्याने तिच्या हाती दिला. त्यावर काढलेली रक्कम आणि खात्यावरची शिल्लक छापलेली होती. तिने तो उलटसुलट करून पाहिला, चार घड्या घातल्या आणि कनवटीला लावला.