घरच्या संग्रहपेटीची जागा वाढवितांना

पूर्वीं घराचें दप्तर एका पेटाऱ्यांत मावत असे. खरेदीखतें, जन्मपत्रिका, वडिलांच्या हातचीं पत्रें आणि दोन-चार छायाचित्रें, एवढाच तो संग्रह. हल्लीं हें सारें हार्ड डिस्कवर गेलें आहे. पुष्कळ घरांत राउटरजवळ, फडताळाच्या कोपऱ्यांत, एक लहानशी पेटी मंद घरघर करीत असते. तिला 'नॅस' म्हणतात. घरांतील सर्वांचे फोन व संगणक वाय-फायच्या द्वारें आपापलीं छायाचित्रें व कागदपत्रें तिच्या स्वाधीन करितात. कांहीं वर्षांनीं ही पेटी 'जागा संपत आली' अशी सूचना देऊं लागते. त्या वेळीं काय करावें व कोणत्या क्रमानें करावें, हा आजचा विषय आहे.

जागेची अडचण नवी नव्हे. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें डिस्कवर माहिती सांठविणारें पहिलें व्यापारी यंत्र बाजारांत आणलें. त्यांत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून पन्नास लाख अक्षरें राहत. आज फोननें काढलेलें एक छायाचित्र तेवढी जागा सहज व्यापितें. तेव्हां पेटी भरली म्हणून गृहिणीनें मुलांस किंवा मुलांनीं आजोबांस दोष देण्याचें कारण नाहीं.

प्रथम पेटीच्या आंतील व्यवस्था समजून घेऊं. दोन कप्प्यांच्या पेटींत बहुधा आरशाची पद्धत असते. म्हणजे एका डिस्कवर जें लिहिलें तेंच त्याच क्षणीं दुसरीवरही लिहिलें जातें. म्हणून ४ टेराबाइटच्या दोन डिस्क असूनही उपयोगी जागा ४ टेराबाइटच मिळते. तीन-चार कप्प्यांच्या पेटींत निराळी युक्ति असते. समजा, पहिल्या डिस्कवर ७ हा आंकडा आहे, दुसरीवर ५ आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२. यांतील कोणतीही एक डिस्क नाहींशी झाली, तरी उरलेल्या दोन आंकड्यांवरून तिचा आंकडा काढतां येतो. यंत्राचें गणित याहून निराळें असतें, पण तत्त्व हेंच. या पद्धतीनें ४ टेराबाइटच्या तीन डिस्क ८ टेराबाइट जागा देतात व चार डिस्क १२ देतात. एका डिस्कची जागा बेरजेकडे खर्चीं पडते. १९८८ सालीं बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ या त्रयीनें अशा डिस्क-समूहांचें विवेचन एका निबंधांत केलें, आणि त्या योजनेस 'रेड' हें नांव मिळालें.

आतां जागा वाढविण्याकडे वळूं. कप्पा रिकामा असेल तर त्यांत आणखी एक डिस्क बसविणें हा सोपा मार्ग. कप्पे भरलेले असतील तर जुन्या डिस्क काढून मोठ्या बसवाव्या लागतात, व त्या एकेक करूनच. एक काढावी, नवी बसवावी, आणि पेटीनें तिच्यावर सर्व मजकूर पुन्हां उतरून घेईपर्यंत थांबावें. सेकंदास १५० मेगाबाइट हा वेग धरला, तर ४ टेराबाइट उतरावयास सुमारें साडेसात तास लागतात. त्या काळांत घरची मंडळी पेटी वापरीत राहिली तर आणखी अधिक. मग दुसरीची पाळी. ४ व ८ अशी विषम जोडी असतां आरशाची पद्धत लहान डिस्कचेंच माप धरिते. म्हणून एक डिस्क बदलून जागा वाढली नाहीं, याचें आश्चर्य वाटूं देऊं नये. दोन्ही बदलल्यावर ती वाढते. कांहीं पेट्यांत आपण तशी आज्ञा द्यावी लागते.

नवी डिस्क घेतांना दोन गोष्टी पाहाव्या. पहिली मापाची. विकणारा हजाराच्या पटीनें मोजतो आणि संगणक पुष्कळदां १०२४ च्या पटीनें. म्हणून ४ टेराबाइटची डिस्क पडद्यावर सुमारें ३.६४ दिसते. धान्य तेंच, मापें दोन. यांत दुकानदाराची लबाडी नाहीं. दुसरी गोष्ट जातीची. कांहीं डिस्कांवर लेखनाच्या ओळी छपरावरील कौलांप्रमाणें एकमेकींवर चढविलेल्या असतात. अशा डिस्कवर पुनर्लेखन मंद होतें, व पेटीच्या या कामास ती सोईची नसते. पेटीच्या कंपनीनें दिलेली योग्य डिस्कांची यादी पाहूनच खरेदी करावी.

परंतु खरा धोका पुढेंच आहे. पहिली डिस्क काढली कीं दुसरी एकटी उरते. तिचीही उमर बहुधा पहिली इतकीच झालेली असते, आणि नेमकें त्याच वेळीं तिला आरंभापासून अखेरपर्यंत तासन्‌तास वाचलें जातें. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांत आजींनीं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या पेटींत जपून ठेविल्या होत्या. जागा वाढवितांना ती एकटी उरलेली डिस्क निकामी झाली. अन्यत्र प्रत नव्हती, आणि आजीही आतां हयात नाहींत. जागा पैशानें विकत मिळते. तो आवाज मिळत नाहीं.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधीं पेटीबाहेर, वेगळ्या डिस्कवर संपूर्ण प्रत काढावी, आणि तींतील दहा-वीस फायली उघडून पाहाव्या. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हेच. मग पेटींतील सोईनें जुन्या डिस्कांची प्रकृति तपासावी. विजेचा लपंडाव असलेल्या गांवीं यू. पी. एस. जोडावा. त्यानंतरच डिस्क बदलावी. आरशाच्या पद्धतींत काढलेल्या जुन्या डिस्कवर त्या दिवसापर्यंतचा मजकूर असतो; म्हणून काम संपून सर्व ठीक असल्याची खात्री होईपर्यंत ती पुसूं नये. तिच्यावर तारीख लिहून ठेवावी.

खरेदीपूर्वीं थोडी झाडलोटही करावी. एकाच समारंभाच्या चार चार प्रती व पेटीची कचरापेटी यांत बरीच जागा अडकलेली असते. कांहीं पेट्या मागील स्थितीच्या नोंदी राखतात. त्या नोंदी आहेत तोंवर पुसलेल्या फायलींची जागा मोकळी होत नाहीं, हें ध्यानीं असावें.

पुष्कळांची समजूत असते कीं, पेटींत दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती झाल्या. तसें नाहीं. घरांतील मुलानें चुकून एखादी फाईल पुसली तर आरसा ती दोन्हीकडून पुसतो. चोरी, आग किंवा पुराचें पाणी पेटीला एकदमच गांठतें. जाणते लोक तीन प्रतींचा नियम सांगतात: प्रती तीन, साधनें दोन प्रकारचीं, आणि एक प्रत घराबाहेर. लेकीच्या सासरीं किंवा धाकट्या भावाच्या घरीं ठेविलेली एक डिस्कही या कामीं पुरते.

तेव्हां श्रोतेहो, नव्या मोठ्या डिस्कसाठीं पैसे काढून ठेवाल, त्याच वेळीं प्रतीच्या डिस्कचेही पैसे बाजूला काढा. आणि दोन्ही घेणें होत नसेल, तर प्रतीची आधीं घ्या.