चौघांची क्वीन

कल्याण-डोंबिवलीहून पुण्या-साताऱ्याकडे निघालेली गाडी शीळफाट्याला हमखास अडकते. कंटेनर, टँकर, रिक्षा यांतून वाट काढत ती कळंबोलीकडे लागते, घाट चढते, पुणं मागे टाकते आणि वाईहून पसरणी घाटाची वळणं घेत पाचगणीला पोचते. जगातल्या सर्वांत गाजलेल्या रॉक बँडांपैकी एकाचा मुख्य गायक याच पाचगणीत वाढला. पहिला बँड त्यानं इथेच काढला आणि ‘फ्रेडी’ ही हाकही त्याला इथल्या शाळासोबत्यांनीच दिली. घरचं नाव फारूख बलसारा. जगानं त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं.

फ्रेडीची गोष्ट आपल्याकडे पुष्कळदा सांगितली जाते. पण ती बहुधा त्याच्या एकट्याची असते: असामान्य आवाज, झगमगते कपडे, अकाली मृत्यू. ‘क्वीन’ हा बँड मात्र त्याच्या आधी तयार होत होता आणि त्याच्या जाण्यानंतर आज तीन दशकांहून अधिक काळ उभा आहे. १९७० पासून आजवर एखादी कलासंस्था टिकते ती कशाच्या जोरावर, हे समजून घ्यायचं तर चौघांकडेही बघायला हवं.

पाचगणीतला पियानो

फारूखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारचा. कुटुंब पारशी, वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत. आठव्या वर्षी त्याला बोटीनं मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स या बोर्डिंग शाळेत पाठवलं. आईवडील समुद्रापलीकडे, सुट्टीत मुंबईचे नातेवाईक. शाळेत तो टेबल टेनिस खेळायचा, नाटकांत कामं करायचा, समूहगानात गायचा. त्याचा कल ओळखून शाळेनं पियानोची शिकवणी सुचवली आणि तो चौथ्या ग्रेडपर्यंत पोचला. रेडिओवर ऐकलेली चाल तो लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा, असं त्याचे सोबती सांगत आले आहेत.

बारा वर्षांच्या आसपास पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. गायक होता ब्रूस मरे. सोबत डेरिक ब्रांश, व्हिक्टरी राणा आणि फरांग इराणी. फरांगचा बेस म्हणजे चहाच्या रिकाम्या खोक्याला बांधून ताणलेली एक तार. पुढे फरांग इराणींनी पुण्यात बाउंटी सिझलर्स हे हॉटेल चालवलं, राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाले आणि ब्रांश इंग्लंडमध्ये अभिनेते. या बँडमध्ये फ्रेडी मुख्य गायक नव्हता. एल्विस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी दुसरा मुलगा गायचा आणि फ्रेडी पियानोवर त्याला साथ द्यायचा. दुसऱ्याचं गाणं उठावदार करण्याची विद्या त्याला पाचगणीतच मिळाली, आणि पुढच्या आयुष्यात ती त्याला फार उपयोगी पडली.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. लंडनच्या ईलिंग कला महाविद्यालयात त्यानं ग्राफिक कलेची पदविका घेतली. क्वीनचं बोधचिन्ह त्यानंच काढलं: चौघांच्या राशी, म्हणजे दोन सिंह, एक खेकडा आणि कन्येसाठी दोन पऱ्या.

शेगडीच्या लाकडाची गिटार

बाकीचे तिघेही शिकलेसवरलेले. ब्रायन मे इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत होता. रॉजर टेलर दंतवैद्यकासाठी लंडनला आला आणि मग जीवशास्त्राकडे वळला. ब्रायन आणि रॉजर यांचा ‘स्माइल’ नावाचा बँड होता. त्यांचा गायक सोडून गेला, फ्रेडी आला आणि १९७० मध्ये ‘क्वीन’ हे नाव ठरलं. १९७१ मध्ये बेस वाजवायला जॉन डीकन आला. तो अबोल होता आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये पहिल्या वर्गाचा पदवीधर.

या मंडळींना विकतच्या वस्तूंपेक्षा स्वतः खटपट करण्याची हौस जास्त. ब्रायनची ‘रेड स्पेशल’ गिटार याचा उत्तम दाखला. फेंडर किंवा गिब्सन घेण्याची घरची ऐपत नव्हती, म्हणून १९६३ च्या ऑगस्टमध्ये सोळा वर्षांच्या ब्रायननं वडील हॅरल्ड यांच्या मदतीनं ती घरीच घडवायला घेतली. गिटारची मान एका जुन्या शेगडीच्या चौकटीतल्या महोगनी लाकडाची. त्याला वाळवीसारख्या किडीनं भोकं पाडली होती, ती काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली. मानेवरच्या खुणेच्या ठिपक्यांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. तारांचा ताण सैल-घट्ट करून सूर थरथरवणाऱ्या यंत्रणेत १९२८ च्या पँथर मोटारसायकलच्या दोन व्हॉल्व्ह स्प्रिंगा. त्या यंत्रणेचा दांडा सायकलच्या सीटमागची पिशवी तोलणाऱ्या लोखंडाचा आणि दांड्याच्या टोकाला विणकामाची सुई. ही गिटार ब्रायन प्लास्टिकच्या पिकऐवजी सहा पेन्सच्या जुन्या नाण्यानं वाजवतो. नाण्याची खरबरीत कड तारेला घासली की सुराला कणीदार धार येते. साठ वर्षं होऊन गेली, तरी मंचावर त्याच्या हातात तीच गिटार असते.

जॉन डीकनची खटपटही त्याच जातीची. कचऱ्याच्या पेटीत सापडलेली ट्रान्झिस्टर रेडिओची सर्किटपट्टी त्यानं उचलून आणली, पुस्तकाच्या कपाटावर ठेवायच्या एका जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवली आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा अँप्लिफायर बनवला. रेड स्पेशल त्याला जोडली की गिटारमधून व्हायोलिनचा किंवा क्लॅरिनेटचा भास व्हायचा. सत्तरच्या दशकातल्या क्वीनच्या रेकॉर्डवर ‘सिंथेसायझर वापरलेला नाही’ असं छापलेलं असे. ऐकणाऱ्याला संपूर्ण वाद्यवृंद वाटावा असे ते नाद पुष्कळदा या खोक्यातून निघालेले असत.

झिजलेली टेप

पहिला अल्बम १९७३ चा. तो ट्रायडेंट स्टुडिओत, दुसरं गिऱ्हाईक नसेल तेव्हाच्या अडनिड्या वेळी ध्वनिमुद्रित झाला. १९७५ पर्यंत गाणी गाजू लागली होती, पण करार असा होता की चौघांच्या हातात आठवड्याला जेमतेम साठ पाउंड पडत. तो करार मोडून, नवा व्यवस्थापक घेऊन, कर्जाचा भार डोक्यावर असताना त्यांनी ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ हा अल्बम करायला घेतला. त्यातलंच फ्रेडीचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’.

या गाण्याच्या मधल्या ऑपेरा भागात शंभर गायकांचा मेळा गातो आहे असं वाटतं. प्रत्यक्षात गळे तीनच: फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर. टेपवर चोवीस ट्रॅक असत. तिघांनी एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची, मग वरची पट्टी, मग खालची. ट्रॅक भरले की त्यांतले अनेक एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं. दिवसाचे दहा-बारा तास हेच काम. एवढ्या भागालाच सुमारे तीन आठवडे लागले. टेप यंत्राच्या हेडवरून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा चुंबकीय थर झिजला. उजेडात धरल्यावर टेपच्या आरपार दिसू लागलं होतं.

५ मिनिटं ५५ सेकंदांचं गाणं रेडिओवर कोणी लावणार नाही, असं रेकॉर्ड कंपनीचं मत होतं. केनी एव्हरेट या निवेदकानं ते एका शनिवार-रविवारात चौदा वेळा वाजवलं. ३१ ऑक्टोबर १९७५ ला गाणं बाजारात आलं आणि ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

दोन वर्षांनी ब्रायननं अगदी उलट वाट धरली. १९७७ मध्ये स्टॅफर्डच्या कार्यक्रमात प्रेक्षक स्वतःहून गाऊ लागले, तेव्हा प्रेक्षकांनाच बँडमध्ये घेणारं गाणं लिहावं असं त्याच्या मनात आलं. ‘वी विल रॉक यू’मध्ये दोनदा पाय आपटणं आणि एक टाळी, एवढाच ताल आहे. लंडनमधल्या एका जुन्या चर्चमधल्या स्टुडिओत लाकडी फळ्यांवर पाय आपटून त्यांनी तो मुद्रित केला. मग ब्रायनमधला भौतिकशास्त्रज्ञ पुढे आला. त्यानं त्या आवाजाच्या अनेक प्रती थोड्या थोड्या विलंबानं एकमेकींवर चढवल्या. विलंबाची अंतरं मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली, त्यामुळे प्रतिध्वनी घुमल्यासारखा न वाटता प्रचंड समुदाय पाय आपटतो आहे असं वाटतं. आज क्रिकेटच्या मैदानावर हा ताल सुरू झाला की इंग्रजीचा गंध नसलेला प्रेक्षकही टाळी बरोबर जागेवर देतो.

श्रेय आणि पैसा

चौघांनीही स्वतंत्रपणे मोठी गाणी लिहिली, ही क्वीनची खासियत. रॉजरचं ‘रेडिओ गा गा’. सगळ्यात गप्प असणाऱ्या डीकनचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’, जे १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. चार गीतकार एका घरात म्हटल्यावर भांडणं आलीच. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या तबकडीच्या मागल्या बाजूला रॉजरचं गाणं होतं. तबकडी विकली गेली की मागच्या गाण्यालाही पुढच्याइतकंच मानधन, त्यामुळे मनं दुखावली. पुष्कळ बँड अशाच हिशेबांपायी फुटतात. क्वीननं त्यावर तोडगा काढला: १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून गाणं कोणीही सुचवलेलं असो, श्रेय आणि पैसा चौघांचा. आपल्याकडच्या चांगल्या सहकारी संस्थेत दूध कोणाच्या गोठ्यातलं जास्त यावरून नावाची पाटी बदलत नाही, तसंच हे.

त्यांच्या हातून चुकाही झाल्या. वर्णभेदावरून जगानं दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार घातला असताना १९८४ मध्ये ते सन सिटीला गायले. ब्रिटनच्या वादकांच्या संघटनेनं त्यांना दंड केला, आणि तो योग्यच होता. ज्या बँडचा गायक स्वतः आशियाई कुटुंबातून निर्वासित होऊन आला, त्यानं तिथे जायला नको होतं.

१३ जुलै १९८५ ला वेम्ब्लीवर ‘लाइव्ह एड’ झालं. इथिओपियातल्या दुष्काळासाठी निधी जमवणारा हा कार्यक्रम होता. प्रत्येकाला वेळ वीस मिनिटांच्या आसपास. क्वीननं त्यासाठी आधी थिएटर घेऊन तालमी केल्या, गाणी कापून घड्याळात बसवली. दिवसाउजेडी, प्रकाशयोजनेच्या आधाराशिवाय, सुमारे सत्तर हजार माणसं त्यांनी ताब्यात घेतली. फ्रेडीचा करिश्मा जगानं पाहिला. त्या करिश्म्याला उभं राहायला जागा मिळाली ती आधीच्या तालमींमुळे. पुढच्या वर्षी, ९ ऑगस्ट १९८६ ला, नेबवर्थला चौघे एकत्र शेवटचे मंचावर आले.

फ्रेडीनंतर

फ्रेडीला एड्सनं गाठलं होतं. ताकद ओसरत असताना तो स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथल्या स्टुडिओत जाऊन गात राहिला आणि बाकी तिघे त्याच्या तब्येतीप्रमाणे काम करत राहिले. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला. अंत्यसंस्कार झरथुष्ट्री धर्मगुरूंनी केले. त्याच्या उरलेल्या आवाजाभोवती तिघांनी १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ पूर्ण केला. त्यातल्या एका गाण्याचं शेवटचं कडवं फ्रेडीला गाता आलं नव्हतं, ते ब्रायननं गायलं. एड्सविरोधी कामासाठी त्यांनी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा केला.

१९९७ मध्ये डीकन निवृत्त झाला. त्याच्या निर्णयाचा मान राखून ब्रायन आणि रॉजर पुढे चालत राहिले, आधी पॉल रॉजर्सबरोबर आणि २०११ पासून अ‍ॅडम लँबर्टबरोबर. लँबर्टला त्यांनी फ्रेडीची नक्कल करायला लावलं नाही. जाहिरातीवरही ‘क्वीन आणि अ‍ॅडम लँबर्ट’ असंच छापतात. मधल्या काळात ब्रायननं सत्तरच्या दशकात अर्धवट सोडलेलं संशोधन हाती घेतलं आणि २००७ मध्ये ग्रहांच्या कक्षांमधल्या धुळीवर डॉक्टरेट पूर्ण केली. हातातलं काम तडीस न्यायचं, ही सवय या माणसांच्या अंगातच आहे.

शीळफाट्याच्या आसपासच्या आपल्या पट्ट्यात दर गणपती-नवरात्रात नव्या बँजो पार्ट्या, नवी पथकं, कॉलेजातले नवे बँड उभे राहतात, आणि त्यांतले कितीतरी नाव कोणाचं आणि पैसा कोणाला यावरून मोडतात. पोरांमध्ये गुण भरपूर आहेत. त्यांना फ्रेडीचा आवाज मिळेल की नाही, हे त्यांच्या हातात नाही. पण खोक्याचा बेस, शेगडीची गिटार आणि कचऱ्यातला अँप्लिफायर त्यांना जमण्यासारखा आहे. वीस मिनिटांच्या कार्यक्रमासाठी जीव तोडून तालीम करणंही जमण्यासारखं आहे. आणि सगळ्यांचं नाव बरोबरीनं लावणं तर पहिल्याच दिवशी ठरवता येतं. क्वीननं ते एकोणीस वर्षांनी ठरवलं. आपल्या पोरांनी एवढी वाट बघू नये.