वृद्धांच्या हाती झारी : बागकामातून उपचार

‘म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण’ असे आपण सहज बोलून जातो. त्यात प्रेम असते, नाही असे नाही. पण या प्रेमापोटीच आपण घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातून एकेक काम काढून घेतो. पक्षाघात झालेल्या वडिलांना आपण म्हणतो, ‘तुम्ही फक्त बसून राहा.’ गुडघे धरलेल्या आईला म्हणतो, ‘तू कशाला उठतेस?’ आणि मन खचून अबोल झालेल्या काकांना तर काही विचारायचेच सोडून देतो. अन्न, वस्त्र, औषध सगळे वेळेवर मिळते, तरी माणूस दिवसेंदिवस मिटत जातो. असे का व्हावे?

हा प्रश्न एका घराचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. त्यांपैकी कितीतरी जण अपंगत्वाने, विस्मरणाने किंवा उदासीनतेने घराच्या एका कोपऱ्यात बसून आहेत. त्यांच्यासाठी एक साधा, कमी खर्चाचा आणि जगात अनेक ठिकाणी आजमावलेला उपाय आहे. तो म्हणजे एकत्र येऊन केलेले बागकाम.

बागकाम हा उपचार कसा?

इंग्रजीत या पद्धतीला ‘हॉर्टिकल्चरल थेरपी’ असे म्हणतात. वेळ घालवण्यासाठी केलेला छंद आणि हा उपचार यांत फरक आहे. येथे जाणकार व्यक्ती प्रत्येकाची अडचण पाहून त्याला झेपेल असे काम ठरवते आणि प्रगतीची नोंद ठेवते. पक्षाघाताने दुबळ्या झालेल्या हाताला बी चिमटीत धरून पेरणे हा बोटांचा व्यायाम होतो. अर्धी भरलेली झारी उचलणे हा खांद्याचा व्यायाम होतो. उदासीनतेने ग्रासलेल्या माणसाला सकाळी अंथरुणातून उठण्यासाठी एक कारण मिळते, कारण रोप पाण्याची वाट पाहत असते. विस्मरणाच्या आजारात माणसे नावे विसरतात. पण वर्षानुवर्षे केलेल्या कामाची हातांना असलेली आठवण पुष्कळदा उशिरापर्यंत टिकते. गवती चहाचे पाते चुरगाळून नाकाशी धरले की जुनी आठवणही कधी कधी जागी होते.

आणि हे सर्व चारचौघांत घडते. समोरासमोर बसवून ‘बोला’ म्हटले तर जो बोलत नाही, तो शेजाऱ्याबरोबर वाफा खुरपताना ‘तुझी मेथी दाट पडली’ एवढे तरी म्हणतोच. एकटेपणावरचा उपचार या एका वाक्यापासून सुरू होतो.

थोडा इतिहास

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांच्या पुढाकाराने १७९६ साली ‘रिट्रीट’ नावाचे मनोरुग्णालय सुरू झाले. साखळदंडांचा सर्रास वापर होण्याच्या त्या काळात तेथे रुग्णांना माणुसकीने वागवून बागेत व शेतात काम दिले जाई. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी मानसिक आजारांवरील आपला ग्रंथ १८१२ साली प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी नोंदवले आहे की, रुग्णालयात लाकडे फोडणारे, बागेत खणणारे गरीब रुग्ण पुष्कळदा बरे होतात. आणि प्रतिष्ठेमुळे ज्यांना असे काम सांगितले जात नाही, ते तेथेच खितपत पडतात.

परंतु या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. पुढे अनेक मोठ्या मनोरुग्णालयांनी ‘उपचार’ या नावाखाली रुग्णांकडून शेतीची व इतर कामे फुकट करून घेतली. अखेर १९७३ साली अमेरिकेतील एका न्यायालयाने निर्णय दिला की, संस्थेत काम करणाऱ्या रुग्णांनाही किमान वेतनाचा कायदा लागू आहे. यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. तेच खुरपे, तीच माती. पण स्वेच्छा असेल तर उपचार आणि सक्ती असेल तर वेठबिगारी.

अलीकडच्या काळात ब्रिटनमध्ये १९७९ साली क्रिस अंडरहिल यांनी या कार्यासाठी संस्था स्थापन केली. आज ती ‘थ्राइव्ह’ या नावाने ओळखली जाते. लंडनच्या बॅटर्सी पार्कमध्ये तिच्या बागा आहेत. अपंग, मानसिक आजाराने त्रस्त, पक्षाघातातून सावरणारे, विस्मरणाचा आजार झालेले असे लोक तेथे प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या मदतीने काम करतात. आपल्याकडे तर वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. बाबा आमटे यांच्याबरोबर कुष्ठरुग्णांनी तेथील पडीक जमीन पिकवली. समाजाने टाकून दिलेली माणसे तेथे पिकवणारी झाली.

रोप कोणाचे?

या विषयातील एक प्रयोग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. एलेन लँगर आणि ज्यूडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात एका वृद्धनिवासात केलेला हा प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. ९१ वृद्धांचे मजल्यांनुसार दोन गट होते. ४७ जणांच्या एका गटाला सांगण्यात आले की, तुमच्या दिनक्रमाचे निर्णय तुमचे तुम्ही घ्या. आणि प्रत्येकाला आवडीचे रोप निवडून स्वतः सांभाळण्यास दिले. ४४ जणांच्या दुसऱ्या गटालाही रोपे दिली, पण सांगितले की, काळजी करू नका, पाणी परिचारिका घालतील.

तीन आठवड्यांनंतर पहिल्या गटातील ९३ टक्के लोकांत सुधारणा दिसली, तर दुसऱ्या गटातील ७१ टक्के लोक अधिक खालावल्याचे आढळले. दीड वर्षाने पुन्हा पाहणी केली. तेव्हा पहिल्या गटातील ७ आणि दुसऱ्या गटातील १३ जण मरण पावले होते. संख्या लहान आहे आणि पहिल्या गटाला रोपाखेरीज इतर निवडीही होत्या, म्हणून एवढ्यावरून रोपाने आयुष्य वाढते असा निष्कर्ष कोणी काढू नये. पण रोपे दोन्ही गटांकडे होती, हे ध्यानात घ्यावे. फरक होता तो जबाबदारीत. नुसत्या हिरवाईपेक्षा ‘माझ्यावाचून याचे अडेल’ ही भावना माणसाला उभी करते.

आमच्या बँकेत दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारक मंडळी हयातीचा दाखला देण्यासाठी येतात. ‘हल्ली काय करता?’ असे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते, ‘काही नाही, बसून असतो.’ दाखल्याने सरकारची खात्री पटते. पण आपण हयात आहोत याची खूण माणसाला स्वतःला रोज लागते.

एक रास्त आक्षेप

आपल्या वस्तीतील एखादी आजी म्हणेल, ‘जन्मभर दुसऱ्याच्या रानात निंदणी-खुरपणी केली. आता पुन्हा मातीतच घालता का?’ हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांनी गावकीची वेठ सोसली, त्यांना कष्टाचे गोडवे ऐकवण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणून येथे नियम असा हवा की वाफा त्या व्यक्तीचा, काय लावायचे ते तिने ठरवायचे, आलेली भाजी तिची, आणि ‘आज नको’ म्हणण्याची मुभाही तिचीच. जिला खुरपे नको असेल तिने हार गुंफावेत, बिया निवडाव्यात, नव्यांना शिकवावे. पावसाचा अंदाज आणि बियाण्याची पारख तिच्याइतकी आपल्यातल्या पदवीधरांना कुठे आहे?

सुरुवात कशी करावी?

मोठी जमीन लागत नाही. समाजमंदिराचे आवार किंवा इमारतीची गच्चीही पुरते. वाकणे जमत नाही त्यांच्यासाठी वाफे विटा रचून वर उचलावेत. चाकाच्या खुर्चीतून काम करणाऱ्यासाठी सुमारे दोन ते अडीच फूट, तर उभ्याने काम करणाऱ्यासाठी सुमारे तीन फूट उंची सोयीची पडते. एकाच बाजूने हात पोचत असेल तर वाफ्याची रुंदी दोन फुटांहून जास्त नसावी. वाट सपाट, न घसरणारी आणि चार फूट रुंद ठेवावी. तेलाचे रिकामे डबे, जुन्या गोण्याही चालतात. मात्र तळाशी भोके हवीत आणि डास होऊ नयेत म्हणून खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. खुरप्याच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की सांधे दुखणाऱ्या हातालाही पकड येते.

पहिले पीक लवकर दिसणारे असावे. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात भाजीला येते. अंधांसाठी पुदिना, तुळस, गवती चहा अशी वासाची झाडे लावावीत. कण्हेर, धोतरा, रुई ही विषारी झाडे मात्र टाळावीत, कारण विस्मरण झालेली माणसे कधी कधी पान तोंडात घालतात. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी उतरू नये. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. काम सकाळी लवकर करावे. मानसिक आजारावरील काही औषधांमुळे ऊन अधिक बाधते, तेव्हा डॉक्टरांना विचारून घ्यावे व पिण्याचे पाणी जवळ ठेवावे.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बाग ही औषधाची सोबतीण आहे, औषधाऐवजी नाही. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागला तर त्याला एकटे न सोडता ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठी आहे.

आठवड्यातून दोन सकाळी, दहा-बारा वृद्ध, दोन-तीन तरुण कार्यकर्ते आणि चार वाफे एवढ्यावर ही सुरुवात होऊ शकते. तरुणांनी फक्त एक पथ्य पाळावे. आजोबांचा हात थरथरला, पाणी थोडे सांडले, तरी झारी त्यांच्या हातून काढून घेऊ नये. सांडलेले पाणी शेवटी मातीतच जाते.