समजला, समजा, समजवला : न लिहिलेले व्याकरण

मंडळी, आधी एक छोटा प्रयोग करू. 'समजला' मोठ्याने म्हणा. आता 'समजा' म्हणा. काय झालं? पहिल्यात आपण तीन तुकडे पाडले, स-मज्-ला. दुसऱ्यात दोनच, सम्-जा. धातू तोच, पण प्रत्यय बदलला आणि 'म' मागच्या 'स'ला जाऊन चिकटला. 'समजवला' म्हणा : सम्-जव्-ला. तुकडे पुन्हा हलले!

ही सारी करामत 'अ'ची. नियम ढोबळपणे असा : शब्दाच्या शेवटाकडून मागे या. शेवटचा 'अ' गळतो, म्हणून 'समज' हे स-मज्. मधला 'अ' गळतो तो दोन्ही बाजूंना बोलला जाणारा स्वर असेल तरच. 'समजला'मध्ये 'ज'चा 'अ' गेला, म्हणून 'म'चा वाचला. जोडाक्षरांजवळ मात्र हा नियम अडतो.

आता इटालियन पाहा. तिथे स्वर गळत नाहीत, आघात हलतो. 'कापितो' या शब्दात 'का'वर जोर दिला तर 'मी येऊन पोचतो', 'पि'वर दिला तर 'समजलेले', 'तो'वर दिला तर 'घडले'. लिहिताना खूण फक्त शेवटच्या आघाताची करतात. पहिले दोन शब्द कागदावर अगदी सारखेच दिसतात. मराठीत आघात असतो, पण सौम्य. तो हलवला म्हणून अर्थ बदलत नाही.

म्हणजे दोन्ही लिपी थोडं लपवतात. आपण मात्र अभिमानाने सांगतो, 'मराठी जशी लिहितात तशीच बोलतात.' मग परप्रांतातून पुण्यात आलेला विद्यार्थी त्यावर विश्वास ठेवून 'स-म-ज-ला' असं सुटं सुटं वाचतो, आणि आपण हसतो. चूक त्याची नाही हो! आपण त्याला नियम सांगितलाच नाही, कारण आपल्याला तो माहीत आहे हेच आपल्याला माहीत नव्हतं.

गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने 1949 साली हाच भेद मांडला : एखादी गोष्ट करता येणं वेगळं आणि ती कशी करतो हे सांगता येणं वेगळं. गंमत म्हणजे अक्षरगणवृत्तात 'समजला' आजही चार अक्षरांचाच मोजतात, तीन लघू आणि एक गुरू. जिभेने सोडलेला 'अ' वृत्ताने जपून ठेवला आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी अडखळला, तर हसण्याआधी 'समजा' आणि 'समजला' त्याच्यासमोर सावकाश म्हणून दाखवू या.