घर विकताना जुना बंब

बेळगाव-निपाणीकडचे न्हाणीघर म्हटले की आमच्या पिढीला तांब्याचा बंब आठवतो. आता अनेक गच्च्यांवर सौर बंब दिसतात. तो जुना झाला असेल आणि घर विकावयाचे असेल, तर नवा बसवून मग विकावे काय?

गेल्या वर्षी बेळगावातील आमचे वडिलोपार्जित घर विकावयाचे ठरले, तेव्हा हा प्रश्न आमच्याच दारी आला. वाटणीच्या पैशांतून निपाणीच्या धाकट्या बहिणीचे कर्ज फिटावयाचे होते. थोरले बंधू म्हणाले, "नवा बंब दिसला की गिऱ्हाईक खूष!"

मला ते पटले नाही. घेणारा जागा, रस्ता, पाणी आणि कागदपत्रे पाहतो. नव्या बंबाची पुरती किंमत तो क्वचितच मोजतो. शिवाय त्याच्या घरी माणसे किती, हे आपणांस कोठे ठाऊक? 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यावयाचे तर सुमारे 3 युनिट उष्णता लागते. दोघांना पुरणारी टाकी दहाजणांना कशी पुरावी? आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात सूर्यदर्शनच दुर्मीळ. तेव्हा विजेच्या कॉइलवाचून सौर बंब म्हणजे गच्चीवरील शोभा.

मात्र जुना बंब आहे तसाच सोडणेही बरे नव्हे. आमच्या टाकीचा सांधा गळून खालच्या छताला ओल आली होती आणि बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचले होते. सांधा बदलला, नळ्या साफ करून घेतल्या. ओलीवर रंग फासावा, असेही एकाने सुचविले. परंतु साध्या पाहणीत न दिसणारा, विक्रेत्यास ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष खरेदीदारास सांगितलाच पाहिजे, असे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 55 वे कलम सांगते. कायदा नसता तरी आईने तसे करू दिले नसते.

आम्ही डाग दाखविला, दुरुस्तीची पावती दिली. खरेदीदाराने थोडी रक्कम कमी केली; ती नव्या बंबाच्या निम्म्या किमतीइतकीही नव्हती.

त्याच कायद्याच्या 8 व्या कलमाप्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर, घरात कायम वापरासाठी बसविलेल्या वस्तू घराबरोबरच जातात. म्हणून काय द्यावयाचे, काय न्यावयाचे, हे करारातच लिहावे. सौर बंब घराबरोबर गेला. न्हाणीतला तांब्याचा सुटा बंब तेवढा आईने मागून घेतला. तो आता निपाणीला बहिणीकडे आहे.