सोयाबीनच्या पोत्यातला ओलावा

वाशीम जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. त्याची सोंगणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, नेमकी परतीच्या पावसाच्या तोंडावर येते. सुडी भिजली किंवा मळणीची घाई झाली, की दाण्यात १५ ते १८ टक्के ओलावा तसाच राहतो आणि पोत्यातून घरात येतो.

साठवलेला दाणाही श्वास घेत असतो. ओलावा जितका जास्त, तितका हा श्वास जोरात. त्यातून निघणारी ऊब आणि वाफ थप्पीच्या मध्यभागी कोंडते आणि बुरशीला आयती जागा मिळते. मका १४ टक्क्यांपर्यंत धकतो. सोयाबीन मात्र १२ टक्क्यांवर जाऊ देऊ नये. याचे कारण तेलात आहे. सोयाबीनमध्ये सुमारे २० टक्के तेल असते आणि तेल पाणी धरत नाही. सगळे पाणी उरलेल्या भागात मुरते. म्हणून ओलावामापक यंत्रावरचा आकडा लहान दिसला तरी तो भाग चांगलाच ओला असतो. पुढे बुरशीमुळे तेलाचे विघटन होते, दाणा काळपट पडतो, त्याला खवट वास येतो.

बियाण्याचे नुकसान त्याआधीच झालेले असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. घरचे बियाणे जूनपर्यंत टिकवायचे असते आणि त्याची उगवण किमान ७० टक्के हवी. सोयाबीनचे टरफल पातळ, अंकुर त्याला अगदी लागून. ओल आणि आपटणे दोन्ही त्याला सोसत नाही. ओलावा एक टक्का घटला की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ढोबळ ठोकताळा आहे. पण फार कोरडा दाणा हाताळताना फुटतो, हेही खरे.

वाळवण टाळण्यामागे वजनाचा हिशेब असतो. १८ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल १२ टक्क्यांवर आणला, की सुमारे ९३ किलो भरतो. ही घट निव्वळ पाण्याची, तरी मापात सलतेच. २०२४च्या नोव्हेंबरात केंद्राने त्या हंगामापुरती हमीभाव खरेदीची ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. भाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. सवलत विक्रीपुरती होती. साठवणुकीचे गणित तिने बदलले नाही.

माल ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवावा, गार झाल्यावरच पोत्यात भरावा. पोती फरशीवर न टेकवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. बियाण्याची थप्पी सात-आठ पोत्यांहून उंच नको.